देशपातळीवर चक्रीय अर्थव्यवस्था: धोरण कागदावरून बाजारात कसं उतरवायचं

चक्रीय अर्थव्यवस्थेचा, म्हणजे वस्तू आणि त्यातला माल फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरात फिरवण्याचा विषय निघाला की बोलणं दोन मिनिटांत कचऱ्यावर येतं: ओला-सुका, डेपो, प्लास्टिकबंदी. पालिकेच्या बैठकीत ते ठीक आहे. देशाचं धोरण मात्र कचऱ्याच्या डब्यापासून सुरू केलं तर उशीर झालेला असतो, कारण वस्तूचं पुढे काय होणार हे तोवर ठरून गेलेलं असतं. फोनची बॅटरी चिकटवायची की स्क्रूने बसवायची, हे कारखान्यात ठरतं. वेफर्सच्या पाकिटाला किती थर असतील, तेही तिथेच. पाडलेल्या इमारतीची खडी नव्या काँक्रीटमध्ये चालेल का, हे भारतीय मानक ब्युरोच्या एका दस्तऐवजात लिहिलेलं असतं. आणि भंगारवाला ती वस्तू उचलेल का, हे त्या दिवशीच्या किलोच्या भावावर अवलंबून असतं.

म्हणून पुढच्या पायऱ्या मी एकाच प्रश्नाभोवती रचल्या आहेत: पैसा कुणाकडून कुणाकडे जातो? माल त्याच वाटेने जातो. धोरणावर टिपणं लिहिणारे अधिकारी, विद्यार्थी, संस्थांचे कार्यकर्ते आणि ज्यांच्या उद्योगावर हे नियम येऊन आदळत आहेत असे लोक डोळ्यांसमोर आहेत. मुख्य उदाहरण भारताचं, कारण २०१९ च्या पोलाद भंगार धोरणापासून इथे नियमांची रांगच लागली आहे. जिथे आपला अनुभव अपुरा आहे तिथे जपान, नेदरलँड्स आणि फ्रान्सकडे पाहिलं आहे.

## पायरी १: ध्येय देशाच्या अवस्थेला शोभेल असं ठेवा

नेदरलँड्सने २०१६ मध्ये जाहीर केलं की २०३० पर्यंत खनिज, धातू, खनिज तेल असा नवा कच्चा माल निम्म्याने कमी वापरायचा आणि २०५० पर्यंत पूर्ण चक्रीय व्हायचं. हे वाक्य उचलून आपल्या मसुद्यात चिकटवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळा.

भारतात दरडोई पोलादाचा वापर वर्षाला साधारण १०० किलो आहे; जगाची सरासरी त्याच्या दुप्पट. घरं, पूल, मेट्रो, वीजवाहिन्या अजून उभ्या राहायच्या आहेत. आज तुळईत गेलेलं पोलाद भंगारात यायला चाळीस-पन्नास वर्षं लागतील. म्हणजे देशातलं सगळं भंगार शंभर टक्के गोळा केलं तरी आजची गरज त्यातून भागणार नाही. ज्या देशाचं बांधकाम बहुतेक पुरं झालं आहे त्याचं टक्केवारीचं ध्येय ज्याचं सुरू आहे त्याने घेतलं, तर एक तर आकडे खोटे लिहावे लागतात किंवा बांधणं थांबवावं लागतं. दुसरं होणार नाही, म्हणून पहिलं होतं.

जपानने २००० साली माल फिरता ठेवणाऱ्या समाजासाठी मूलभूत कायदा केला आणि २००३ च्या पहिल्या राष्ट्रीय योजनेत तीनच मापं ठेवली. कच्च्या मालाच्या एका टनामागे देशाचं उत्पन्न किती, एकूण वापरलेल्या मालात पुन्हा फिरून आलेला माल किती, आणि शेवटी जमिनीत पुरावा लागणारा कचरा किती. तिसऱ्या मापाला तिथे फार महत्त्व होतं, कारण बेटांवर डेपोला जागाच नव्हती. २००० साली सुमारे साडेपाच कोटी टन कचरा पुरला जात होता. २०१० च्या दशकाच्या अखेरीस तो दीड कोटीच्या खाली आला.

भारतासाठी मी पहिली दोन मापं तशीच ठेवेन, तिसरं शहरांपुरतं ठेवेन, आणि चौथं जोडेन: लिथियम, कोबाल्ट, तांबं यांसारख्या आयात खनिजांपैकी किती टक्के देशातल्याच जुन्या मालातून मिळालं. हे माप अर्थ मंत्रालयालाही कळतं, आणि ज्या मंत्रालयाला माप कळतं तिथूनच निधी सुटतो.

## पायरी २: माल मोजा, कचरा नंतर

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या अहवालानुसार देशात वर्षाला सुमारे ४१ लाख टन प्लास्टिक कचरा तयार झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास ‘नेचर’मध्ये छापून आला. त्यांच्या अंदाजाने भारतात वर्षाला ९३ लाख टन प्लास्टिक उघड्यावर पडतं किंवा जाळलं जातं. म्हणजे फक्त निसटलेला कचराच सरकारी हिशेबातल्या एकूण कचऱ्याच्या दुपटीहून जास्त. अभ्यासाच्या पद्धतीवर वाद होऊ शकतो, पण एवढी तफावत का पडते हे उघड आहे. सरकारी आकडा खालून वर येतो: पालिका राज्य मंडळाला कळवते, राज्य मंडळ केंद्राला. जी पालिका कळवत नाही तिचा कचरा शून्य. गावात घरामागे जाळलेलं प्लास्टिक शून्य. भंगारवाल्याने उचललेलंही बहुधा शून्यच.

उपाय असा की कचऱ्याच्या तोंडाशी मोजण्याआधी मालाच्या दाराशी मोजा. देशात किती प्लास्टिकचा दाणा (वस्तू घडवण्याचा कच्चा माल) तयार झाला, किती आयात झाला, किती निर्यात झाला, हे आकडे उद्योग आणि सीमाशुल्क खात्याकडे असतात. यातून दरवर्षी किती माल समाजात उतरला ते निघतं, आणि वस्तूचं सरासरी आयुष्य धरलं की पुढे कोणत्या वर्षी किती कचरा येणार तेही निघतं. फ्रिजचं आयुष्य दहा-बारा वर्षं धरा, वेफर्सच्या पाकिटाचं दहा मिनिटं.

दुसरं हत्यार आपल्याकडे आहे आणि फारसं कुणी वापरत नाही: जीएसटीची ई-वे बिलं, म्हणजे मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद. प्रत्येक बिलावर मालाचा एचएसएन क्रमांक, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा ठरावीक आकडा असतो. ७२०४ म्हणजे लोखंड-पोलादाचं भंगार, ३९१५ प्लास्टिकचं, ४७०७ रद्दी कागद. जिल्ह्यावार, महिन्यावार हा माल कुठून कुठे गेला याचा नकाशा याच विदेतून (डेटातून) उभा राहू शकतो. नोंदणीच्या मर्यादेखालचे छोटे व्यापारी त्यात दिसत नाहीत; त्यांच्यासाठी नमुना पाहणी लागेल. पण निम्मं चित्र मिळालं तरी ते आजच्या अंधारापेक्षा बरं. हे काम पर्यावरण खात्याकडे देऊ नका, सांख्यिकी खात्याकडे द्या. ज्याने ध्येय गाठायचं त्यानेच मोजायचं, ही व्यवस्था कुठेच टिकत नाही.

## पायरी ३: चारच प्रवाह निवडा

नीती आयोगाने २०२१ मध्ये अकरा समित्या नेमल्या: शहरी कचरा, भंगार धातू, ई-कचरा, लिथियम-आयन बॅटऱ्या, सौर पॅनेल, जिप्सम, घातक औद्योगिक कचरा, वापरलेलं तेल, शेतीतला कचरा, टायर-रबर आणि मुदत संपलेली वाहनं. अभ्यासाला यादी चांगली आहे, अंमलबजावणीला लांब.

निवड करताना तीन प्रश्न विचारा. वजन किती? नुकसान किंवा आयातीचा बोजा किती? आणि आज त्याला गिऱ्हाईक आहे का? तिसऱ्याचं उत्तर ‘भरपूर’ असेल तर तिथे सरकारने फार हात घालू नये. रद्दी आणि लोखंडाचं भंगार कायद्याशिवाय फिरत आलं आहे. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या साखर कारखान्यांना चिपाडांपासून वीज आणि मोलॅसिसपासून इथेनॉल करायला कुणी चक्रीय अर्थव्यवस्थेचं व्याख्यान दिलं नव्हतं. वीज खरेदीचा करार आणि इथेनॉलचा जाहीर दर पुरेसा ठरला. प्रेसमडपासून (उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळापासून) बायोगॅस करण्याचे प्रकल्प येत आहेत तेही दराकडे बघूनच.

मी चार निवडेन: बांधकामाचा राडारोडा, बॅटऱ्या आणि इलेक्ट्रॉनिक्स, प्लास्टिकची वेष्टनं, आणि ओला कचरा. सौर पॅनेलना अजून थोडा वेळ आहे. त्यांचा कचरा २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवण्याची तरतूद २०२२ च्या ई-कचरा नियमांत आहेच.

## पायरी ४: पैसे कुणी द्यायचे आणि कधी द्यायचे, हे कायद्यात स्पष्ट लिहा

इथे घाई केली की पुढचं सगळं डळमळतं, म्हणून या पायरीवर जरा थांबू.

जपानमध्ये एप्रिल २००१ पासून टीव्ही, एसी, फ्रिज आणि वॉशिंग मशीनचा कायदा लागू झाला. वस्तू टाकून देताना ग्राहकाने शुल्क भरायचं. झालं असं की शुल्क वाचवायला काही लोकांनी जुने टीव्ही-फ्रिज रस्त्याकडेला, रानात नेऊन टाकायला सुरुवात केली. २००५ मध्ये गाड्यांचा कायदा आला तेव्हा रीत बदलली: नवी गाडी घेतानाच पुनर्प्रक्रियेचे पैसे भरायचे. मोडीत काढताना खिशाला हात लावायचा नसेल तर गाडी बेवारस टाकण्यात फायदा उरत नाही. तरीही पहिला कायदा मोडून पडला नाही, कारण जुना फ्रिज परत घेण्याची सक्ती दुकानदारावर होती. या दोन कायद्यांतून एवढं घ्यायचं: पैसे आधी घ्या, आणि वस्तू परत घेण्याचं बंधन कुणाच्या गळ्यात आहे ते नावानिशी लिहा.

भारताने वेगळा मार्ग धरला: विस्तारित उत्पादक जबाबदारी, म्हणजे ईपीआर. वस्तू बाजारात आणणाऱ्यानेच तिच्या कचऱ्याचीही जबाबदारी घ्यायची. प्लास्टिक वेष्टनांसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये, बॅटऱ्यांसाठी ऑगस्ट २०२२ मध्ये, ई-कचऱ्यासाठी १ एप्रिल २०२३ पासून. ई-कचऱ्याच्या यादीत १०६ प्रकारची उपकरणं आहेत. कंपनीला आधी ६० टक्के, २०२५-२६ पासून ७० आणि २०२७-२८ पासून ८० टक्के लक्ष्य पुरं करावं लागतं. ती स्वतः काही गोळा करत नाही. तेवढा माल फिरवल्याचं प्रमाणपत्र नोंदणीकृत रिसायकलरकडून विकत घेते.

रचना हुशारीची आहे, धोकाही तिच्यातच आहे. प्रमाणपत्र हा कागद आहे आणि कागद मालाशिवायही छापता येतो. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टिकच्या मोजक्या चार रिसायकलरांची तपासणी केली, तर त्यांनी सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रं तयार केल्याचं आढळलं. कारखान्याची क्षमता एवढीशी आणि कागदावरचा माल डोंगराएवढा. अशा वेळी प्रामाणिक रिसायकलर दोनदा मार खातो: त्याचा खर्च खरा असतो आणि बाजारभाव खोट्या कागदाने पाडलेला असतो.

म्हणून ईपीआर लिहिताना, किंवा आहे त्यात दुरुस्ती सुचवताना, एवढं पक्कं करा:

- प्रमाणपत्र वजनकाट्याच्या पावतीशी, खरेदीच्या जीएसटी बिलाशी आणि कारखान्याच्या वीजबिलाशी जोडा. प्लास्टिक वितळवायला वीज लागतेच. वीज न जळता हजारो टन माल निघाला असेल तर संगणकानेच शंका काढली पाहिजे.
- मंजूर क्षमतेपलीकडे एकही प्रमाणपत्र प्रणालीतून निघू नये. सहा लाखांच्या त्या प्रकरणानंतर ही अट कुणाला पटवून द्यावी लागू नये.
- रिसायकलरला मिळणारा किमान दर ठरवा. ई-कचऱ्यात सरकारने तो ठरवला, काही मोठ्या कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. कंपन्यांचा आक्षेप समजण्यासारखा आहे, खर्च वाढतो. पण तळाचा दर नसेल तर सर्वांत स्वस्त, म्हणजे सर्वांत खोटा कागदच विकला जातो.
- दंड हा प्रमाणपत्राच्या किमतीपेक्षा बराच जास्त असू द्या. नाही तर दंड हेच स्वस्त प्रमाणपत्र होतं.

जिथे वस्तू लहान, एकसारखी आणि घाऊक विकली जाणारी आहे तिथे प्रमाणपत्रापेक्षा ठेव-परतावा बरा: विकताना ठेव घ्यायची, रिकामी वस्तू आणून दिली की ती परत करायची. महाराष्ट्राने मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत पाण्याच्या बाटल्यांवर एक-दोन रुपये आणि दुधाच्या पिशवीवर ५० पैसे ठेव लिहिली होती. ती कागदावरच राहिली. परत घेणारी यंत्रणाच उभी नव्हती आणि ५० पैशांसाठी पिशवी धुऊन ठेवणार कोण? तामिळनाडूने २०२२ मध्ये नीलगिरीत सरकारी दारू दुकानांच्या बाटल्यांवर १० रुपये ठेव लावली, न्यायालयाच्या देखरेखीखाली, आणि बहुतांश बाटल्या परत आल्या. विकणारी यंत्रणा एकच होती, दुकान तेच, रक्कम लक्षात राहण्याजोगी. गोव्यानेही २०२४ मध्ये ठेव-परतावा योजना अधिसूचित केली आहे. देशपातळीवर न्यायची असेल तर नीलगिरीतल्या या तीन अटी आपल्याकडे आहेत का ते आधी बघावं.

## पायरी ५: फिरून आलेल्या मालाला गिऱ्हाईक तयार करा

गोळा करण्यावर सगळा जोर आणि विकण्यावर काहीच नाही, हे बहुतेक आराखड्यांचं दुखणं. यावर आपल्याच देशातलं उत्तम उदाहरण औष्णिक वीज केंद्रांच्या राखेचं आहे.

भारतीय कोळशात राख खूप, ३० ते ४५ टक्के. १९९६-९७ मध्ये तिचा वापर १० टक्क्यांच्याही खाली होता. बाकी सगळी तलावांत. १९९९ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली: वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांनी मातीत किमान २५ टक्के राख मिसळायची. पुढे अंतर वाढत गेलं, नियम कडक होत गेले. पण खरी उचल सिमेंटने केली. मानकानुसार पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख चालते, आणि राख क्लिंकरपेक्षा, म्हणजे सिमेंटच्या भट्टीतून निघणाऱ्या मूळ मालापेक्षा स्वस्त. मानकाने दार उघडलं, नफ्याने माल आत नेला. २०२१-२२ मध्ये वापर ९५ टक्क्यांवर गेला. डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने तर न वापरलेल्या राखेला टनामागे १००० रुपये भरपाई लावली.

या यशाला एक काळी कडाही आहे, ती लपवू नये. ‘वापर’ या सदरात खड्डे आणि जुन्या खाणी भरणंही मोजलं जातं, आणि आधीच्या दशकांची राख तलावांत पडूनच आहे. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा नागपूरजवळच्या खसाळ्याचा राख तलाव फुटला तेव्हा राखेचा गाळ आसपासच्या शेतांत आणि पाण्यात शिरला. टक्केवारी चढत असताना तलावाखालच्या गावांचं काय चाललं आहे, हे वेगळं मोजावं लागतं.

बांधकामाच्या राडारोड्यात हीच वाट अर्धी चालून झाली आहे. आयएस ३८३ या मानकाने २०१६ मध्ये राडारोड्यापासून काढलेल्या खडीला परवानगी दिली: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ या ताकदीच्या प्रतीपर्यंतच्या लोखंडी सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्के, कमी ताकदीच्या लीन काँक्रीटमध्ये १०० टक्के. दिल्लीत बुराडीला २००९ पासून प्रक्रिया प्रकल्प चालू आहे. मग माल उचलला का जात नाही? साइटवरच्या अभियंत्याला विचारा, तो दरसूची उघडून दाखवेल. ज्या वस्तूचा दर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत नाही ती त्याच्या अंदाजपत्रकात येऊ शकत नाही, आणि स्वतःच्या जोखमीवर ती वापरून उद्या लेखापरीक्षणात आक्षेप ओढवून घ्यायला तो तयार नसतो. आपण वरून धोरणाची भाषणं करत राहतो आणि गाडी या एका रकान्यापाशी अडलेली असते.

तेव्हा या पायरीचं काम क्रमाने असं. आधी मानक. मग केंद्र आणि राज्यांच्या दरसूच्यांत त्या मालाचा स्वतंत्र दर. मग सरकारी निविदेत किमान हिस्सा सक्तीचा. जपानने हरित खरेदीचा कायदा मूलभूत कायद्याबरोबरच २००० साली केला, तो उगाच नव्हे. सरकार हे पहिलं मोठं गिऱ्हाईक असतं. भारतात रस्ते, रेल्वे आणि सरकारी घरबांधणी एवढ्या तीन खात्यांनी फुटपाथचे ब्लॉक आणि लीन काँक्रीट यांपुरती अट घातली तरी राडारोड्याच्या प्रकल्पांना गिऱ्हाईक शोधत फिरावं लागणार नाही. राडारोड्याच्या २०२५ च्या नव्या नियमांनी २०,००० चौरस मीटरहून मोठ्या बांधकामांवर ईपीआरची जबाबदारी टाकली आहे, ती १ एप्रिल २०२६ पासून. राज्यांच्या दरसूच्या तिच्याशी जुळवून घेतल्या नाहीत तर तिथेही प्रमाणपत्रांचाच खेळ होईल.

खासगी उत्पादकांसाठी हेच काम ‘नव्या मालात जुना माल किती’ ही अट करते. प्लास्टिकच्या कडक वेष्टनांत २०२५-२६ साठी ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के, असा चढता दर नियमांत आहे. बॅटऱ्यांतही २०२७-२८ पासून ५ टक्क्यांपासून सुरुवात होते. बॅटऱ्यांबाबत आणखी एक अट घाला: मूल्य देशातच काढलं पाहिजे. जुन्या लिथियम बॅटऱ्या दळून ‘ब्लॅक मास’ नावाची काळी भुकटी करायची आणि ती बाहेर पाठवायची, म्हणजे लिथियम-कोबाल्ट पुन्हा आयात करणं आलंच. सप्टेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेली १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना प्रत्यक्ष खनिज वेगळं काढणाऱ्यांसाठी आहे, नुसती भुकटी करणाऱ्यांसाठी नाही. हा फरक बरोबर ओळखला आहे.

कराकडेही इथेच बघा. २०२१ मध्ये प्लास्टिकच्या भंगारावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. नव्या दाण्यावरही १८, जुन्यावरही १८. मग फिरवण्याचा फायदा कुठे उरला? शिवाय जास्त कर म्हणजे बिलाशिवाय व्यवहार, आणि बिलाशिवाय व्यवहार म्हणजे पायरी २ मधला नकाशा कोरा.

## पायरी ६: आधीपासून हे काम करणाऱ्यांना आत घ्या

युरोपचा आराखडा उचलताना सर्वांत मोठी चूक इथे होते. तिकडे गोळा करणारी यंत्रणा पालिकेची किंवा कंपनीची. आपल्याकडे ती भंगारवाल्याची, रद्दीवाल्याची, जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीची आणि कचरावेचक बाईची आहे. मुंबईत धारावीच्या ‘तेरा कंपाउंड’ या भागातले गाळे, पानिपतचे जुन्या लोकरी कपड्यांपासून सूत काढणारे कारखाने, अलंगला मोडीत निघणाऱ्या जहाजांच्या पत्र्यावर चालणाऱ्या भावनगरच्या रोलिंग मिल्स, ही सगळी साखळी सरकारी पैशाशिवाय उभी राहिली.

नव्या धोरणाने ती मोडते ती अशी. पालिका मोठ्या ठेकेदाराला कचरा उचलायचं कंत्राट देते आणि पैसे टनामागे देते. ठेकेदाराला वजन हवं असतं, म्हणून त्याला सुका माल वेगळा निघणं परवडत नाही. कचरावेचकांना गाडीजवळ येऊ देत नाहीत. फिरणारा माल डेपोवर जातो आणि कागदावर शहर ‘आधुनिक’ होतं. म्हणून राष्ट्रीय निधीच्या अटींत स्पष्ट लिहा: टनामागे पैसे देणाऱ्या कंत्राटाला केंद्राचा पैसा नाही.

उलट उदाहरण पुण्यात आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था. महापालिकेशी तिचा करार २००८ चा. तीन हजारांहून जास्त सदस्य, बहुतेक स्त्रिया, दारोदार कचरा घेतात. घरमालक दरमहा शुल्क देतात आणि वेगळ्या काढलेल्या सुक्या मालाची विक्री सदस्याची. वेगळं काढण्यातच त्यांची कमाई आहे, म्हणून माल खरंच वेगळा होतो. कराराच्या नूतनीकरणासाठी त्यांना पुन्हा पुन्हा भांडावं लागलं, हा धोरणातला दोष आहे. दीर्घ मुदतीचा करार ही मदत म्हणून न देता अट म्हणून लिहा.

ईपीआरचा पैसा आज नोंदणीकृत रिसायकलरपाशी थांबतो. खाली उतरवायचा तर ज्या मालाला भाव नाही, उदाहरणार्थ बहुथरी वेष्टनं, त्याच्या गोळा करण्याच्या किलोमागे किमान दर ठरवा आणि तो थेट खात्यात गेल्याचा पुरावा प्रमाणपत्राला जोडा. २०२४ पासून कचरावेचकांना सफाई कामगारांसाठीच्या केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत घेतलं आहे. त्या ओळखपत्राचाच इथे उपयोग करता येईल.

मात्र असंघटित म्हणजे सगळं गोड, असंही नाही. शिशाच्या बॅटऱ्या परसात वितळवणं आणि सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडवून सोनं-तांबं काढणं या दोन गोष्टी पोरांच्या रक्तात शिसं उतरवतात. तिथे सूट नको. गोळा करणं आणि सुटं करणं त्यांच्याकडे राहू द्या, रासायनिक टप्पा परवानाधारक कारखान्याकडे न्या, आणि माल तिथे न्यायला त्यांना परसात मिळतो त्यापेक्षा जास्त भाव मिळेल याची व्यवस्था करा. छापे घालून हे आजवर कुठे थांबलेलं नाही.

## पायरी ७: दुरुस्ती

फ्रान्सने २०२० च्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२१ पासून फोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि गवत कापायच्या यंत्रावर दुरुस्तीयोग्यतेचे १० पैकी गुण छापायला लावले. सुटे भाग मिळतात का, किती महाग, उघडायला किती कष्ट, हे सगळं त्यात येतं. स्वीडनने २०१७ मध्ये सायकल, बूट आणि कपड्यांच्या दुरुस्तीवरचा कर २५ वरून १२ टक्के केला. भारतात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं आणि गुणांकनाच्या पद्धतीवर एका समितीने २०२५ मध्ये अहवाल दिला.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या गल्ल्यांत हात आहेत, डोकं आहे. मिळत नाहीत ते अस्सल सुटे भाग आणि सर्किटचे नकाशे. म्हणून गुणांकनाबरोबर एकच सक्ती पुरेशी आहे: मॉडेल बंद झाल्यावर ठरावीक वर्षं सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती कुठल्याही कारागिराला विकत मिळाली पाहिजे, फक्त कंपनीच्या अधिकृत केंद्राला नाही.

## पायरी ८: तपासणारा वेगळा असू द्या

नेदरलँड्सकडून ध्येय घेऊ नका म्हटलं, पण एक गोष्ट जरूर घ्या. तिथली पर्यावरण मूल्यमापन संस्था दर दोन वर्षांनी देशाच्या चक्रीय धोरणाचा अहवाल काढते, आणि २०३० चं निम्म्याचं ध्येय आवाक्यात नाही, असं तिने सरकारला स्पष्ट सांगितलं आहे. सरकारी पैशावर चालणारी संस्था सरकारलाच हे सांगते आणि अहवाल छापून येतो.

आपल्याकडे हे काम पर्यावरण मंत्रालयाच्या समितीकडे दिलं तर प्रगतीचे फलक तेवढे मिळतील. महालेखापरीक्षकांच्या कार्यालयाला दर दोन वर्षांनी कार्यसिद्धी तपासणी करायला सांगा. विदा सांख्यिकी खात्याची, आणि प्रमाणपत्रांची अचानक तपासणी तिसऱ्याच यंत्रणेची. अहवालात किती टन फिरले यापेक्षा तीन गोष्टी ठळक हव्यात: रद्द झालेल्या प्रमाणपत्रांची संख्या आणि वसूल झालेला दंड, किती राज्यांच्या दरसूचीत फिरून आलेल्या मालाचे दर आले, आणि ईपीआरच्या रुपयातले किती पैसे गोळा करणाऱ्याच्या खात्यात पोचले. अहवाल अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या दोन महिने तरी आधी संसदेपुढे यावा, म्हणजे कराचे दर आणि योजनांचा निधी त्याच वर्षी बदलता येईल.